अज्ञातवासी : मुक्या वाद्यांचा पालक

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण त्याच पाठ करतो. परंतु ज्या माणसांनी त्या काळी तिन्हीसांजेला दिवे लावले, अडकित्त्याने सुपारी कातरली, लग्नात सनई फुंकली आणि देवीच्या जागरात संबळ घुमवला, त्यांचा इतिहास कोणी लिहावयाचा? त्यांच्यापैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी कागद मागे ठेवले नाहीत. त्यांच्या हातून मागे राहिल्या त्या केवळ वस्तू. आणि वस्तूचे असे असते की, तिची कदर करणारा कोणी भेटला नाही तर पितळ मोडीत जाते, लाकूड चुलीत जाते आणि कातडे उंदरांच्या तोंडी जाते.

अशा वस्तूंची कदर करण्यात एका मराठी माणसाने आपले उभे आयुष्य वेचले. त्यांचे नाव दिनकर गंगाधर केळकर. मराठी कवितेच्या प्रांतात ते 'अज्ञातवासी' या नावाने ओळखले जातात आणि पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे निर्माते म्हणून ते देशाबाहेरही परिचित आहेत. त्यांच्या संग्रहात दिवे आहेत, दौती आहेत, शस्त्रे आहेत, तशीच जुनी वाद्येही आहेत. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राचा परिचय मुख्यतः या वाद्यांच्या अंगाने करून देण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे.

कवी आणि संकलक

दिनकर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात प्लेगची साथ शिरली. पुढच्या काही वर्षांत या शहराने घरे ओस पडताना पाहिली आणि राजकीय चळवळीचा जोरही पाहिला. इतिहासाच्या क्षेत्रातही तो मोठ्या हालचालींचा काळ होता. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. गावोगाव पायपीट करून, जुन्या वाड्यांतील दप्तरे धुंडाळून त्यांनी कागद गोळा केले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. जुने ते जपले पाहिजे, नाहीतर आपण कोण होतो हेच आपल्याला कळणार नाही, ही जाणीव त्या काळच्या सुशिक्षित तरुणांत पसरत होती. केळकर याच वातावरणात वाढले.

मात्र त्यांची पहिली ओढ कवितेकडे होती. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले आणि काव्यगायनाचे कार्यक्रम रंगू लागले. त्या बहराच्या काळात 'अज्ञातवासी' हे नावही रसिकांच्या कानावर होते. कवीला सहसा आपले नाव लोकांपुढे यावे असे वाटते. केळकरांनी मात्र असे टोपणनाव निवडले की ज्यात स्वतःला लपविण्याचीच इच्छा दिसते. या नावाचा त्यांच्या पुढील आयुष्याशी किती जवळचा संबंध जडला, हे आपण पुढे पाहू.

त्यांच्यातील संकलक प्रथम दिसतो तो साहित्यातच. राजकवी भा. रा. तांबे हे मध्य भारतातील संस्थानांत नोकरीनिमित्त राहत. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून ते दूर होते आणि स्वतःच्या कविता जपून ठेवून छापून आणण्याची खटपट करणे त्यांच्या स्वभावात फारसे नव्हते. त्यांच्या कवितांचा पहिला संग्रह १९२० साली वा. गो. मायदेव यांनी काढला होता. दुसरा संग्रह १९२७ साली निघाला आणि त्याचे संपादन अज्ञातवासींनी केले. स्वतः कवी असताना दुसऱ्या कवीच्या विखुरलेल्या कविता जमवून त्या रसिकांपुढे ठेवण्यास मनाचा मोठेपणा लागतो. पुढे हजारो वस्तूंच्या बाबतीत त्यांनी जे केले, त्याचा हा ओनामा होता असे म्हणता येईल.

संग्रहाचा प्रारंभ

१९२० च्या सुमारास केळकरांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. त्यांचा व्यवसाय चष्म्यांचा होता असे सांगतात. तसे असेल तर त्यांनी लोकांना चष्मे दिले आणि शिवाय जुन्या वस्तूंकडे पाहण्याची दृष्टीही दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

ती वेळ कशी होती हे ध्यानात घेतले पाहिजे. १८१८ साली पेशवाई बुडाली. १८२८ साली शनिवारवाडा आगीत भस्मसात झाला. सरदार-जहागीरदारांच्या वाड्यांत पुढची दोन-तीन पिढ्या जुन्या वैभवावर निभावली. मग कर्ज, वाटण्या आणि पडझड सुरू झाली. दारांच्या कोरीव चौकटी, नक्षीचे खांब, पितळी समया आणि तांब्याची भांडी बाजारात आली. ती वजनावर विकली जात होती. कारागिराने महिनोन् महिने खपून केलेली नक्षी तराजूत मोजता येत नाही. तिची किंमत शून्यच धरली जाई.

याला केवळ गरिबी कारण नव्हती. राहणीही बदलत होती. रॉकेलचा कंदील आला आणि लामणदिवा माळ्यावर गेला. पुढे विजेचा दिवा आला आणि कंदीलही गेला. टाक आणि फाउंटन पेन आले तेव्हा बोरू आणि दौत अडगळ झाली. अ‍ॅल्युमिनियम आणि मग स्टेनलेस स्टील आले तसे पितळेला कल्हई कोण लावत बसणार, असे घराघरात वाटू लागले. यात कोणाचा दोष नव्हता. ज्याला रोज चूल पेटवावयाची असते तो वस्तूची सोय पाहतो, इतिहास पाहत नाही. परंतु सगळ्यांनीच सोय पाहिली असती तर आपल्या पणजोबा-पणजींचे घर कसे दिसत होते, हे आज आपल्याला सांगताही आले नसते.

केळकर या वस्तूंच्या मागे लागले. महाराष्ट्रातील खेडी त्यांनी पालथी घातलीच, शिवाय गुजरात, राजस्थान आणि दक्षिण भारतापर्यंत ते हिंडले. त्यांनी जमविलेल्या वस्तूंची नुसती यादी वाचली तरी माणूस थक्क होतो : दिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, पानाचे डबे, फण्या, पाय घासावयाच्या वज्र्या, कुलपे, दौती, हुक्के, गंजिफा, कळसूत्री बाहुल्या, वस्त्रे, चित्रे, दारांच्या चौकटी, ढाली-तलवारी आणि वाद्ये. पुण्याजवळच्या कोथरूड येथे बाजीरावाने बांधलेल्या मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून त्यांनी तो महाल आपल्या संग्रहालयात पुन्हा उभा केला. सोन्या-माणकांचे दागिने जमविण्याची हौस राजेरजवाड्यांना असते. पाय घासण्याची वज्री जपून ठेवावी असे वाटावयास मात्र निराळे मन लागते. ती वज्री वापरणारी बाई कोण होती हे कोणाला ठाऊक नाही. पण तिला त्या वज्रीवर मोर किंवा हत्ती असावा असे वाटले आणि कारागिराने तो घडवला. त्या दोघांच्या आवडीला केळकरांनी मान दिला.

या कामाला पैसा लागत होता आणि त्यांच्यामागे कोणत्याही दरबाराचा खजिना नव्हता. त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी या कामात त्यांना मनापासून साथ दिली. वस्तू विकत घेण्यासाठी प्रसंगी घरातले दागिने विकावे लागले असे सांगतात. माणसाच्या छंदाचे आपण कौतुक करतो, पण त्या छंदाची झळ सोसणाऱ्या घरातल्या बाईचे नाव आपण क्वचितच घेतो. केळकरांच्या चरित्रात कमलाबाईंचे नाव त्यांच्या बरोबरीने लिहिले पाहिजे.

या दांपत्यावर एक मोठा आघात झाला. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा बालवयातच वारला. केळकरांनी आपल्या साऱ्या संग्रहाला त्याचे नाव दिले. पुष्कळ वर्षे हे संग्रहालय 'राजा केळकर संग्रहालय' म्हणूनच ओळखले जाई. ज्या बापाने ते उभारले त्याचे 'दिनकर' हे नाव त्यात नंतर आले. पुष्कळांना राजा म्हणजे कोणी संस्थानिक असावा असे वाटते. वास्तविक तो एक लहान मुलगा होता आणि त्याच्या नावे वडिलांनी हजारो अनोळखी माणसांच्या वस्तू सांभाळल्या.

वाद्ये का नाहीशी होतात

आता वाद्यांकडे वळू. दिवा किंवा अडकित्ता वापरातून गेला तरी धातूचा असल्याने काही काळ टिकतो. वाद्याचे तसे नाही. ते लाकूड, कातडे, भोपळा, बांबू, तात आणि तार यांचे बनलेले असते. भोपळा तडकतो, कातडे ढिले पडते, लाकडाला कीड लागते. वाजविणारा हात गेला की वाद्य वीस-पंचवीस वर्षांत नाहीसे होते. म्हणून जुने वाद्य हाती लागणे ही गोष्ट जुन्या तलवारीपेक्षा दुर्मिळ असते.

वाद्ये मागे पडण्याची कारणेही समजून घेण्यासारखी आहेत. शिंग, कर्णा आणि नगारा यांचा संबंध फौजेशी आणि दरबाराशी होता. राज्ये गेली तशी नगारखान्यातली नौबत थांबली. काही देवस्थानांनी चौघडा चालू ठेवला म्हणून तो तेवढा तरी राहिला. सारंगीची कथा निराळी आहे. पॅरिसच्या अलेक्झांडर देबँ यांनी १८४२ साली हार्मोनियमचे स्वामित्व घेतले. हे वाद्य आपल्याकडे आले, येथल्या कारागिरांनी त्याला जमिनीवर बसून एका हाताने भाता मारता येईल असे रूप दिले आणि पेटी म्हणून ते घराघरात पोहोचले. पायाने चालविण्याचा ऑर्गन मराठी रंगभूमीवर आला आणि संगीत नाटकांत तो असा काही रुळला की तो मूळचा आपला नाही हे लोक विसरून गेले. सारंगी शिकावयास वर्षे लागतात आणि ती बसल्याबसल्या सुरात मिळविणे हेही एक तप असते. पेटीचे सूर आयतेच लावलेले असतात. त्यामुळे साथीच्या जागेवरून सारंगी हळूहळू दूर सरली. लग्नातल्या सनई-संबळाची जागा गावोगाव क्लॅरिनेट आणि ट्रंपेटच्या बँडने घेतली आणि आता बँडचीही जागा मोठाल्या स्पीकरांनी घेतली आहे.

उलट दिशेचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. मिरजेचे शिकलगार पूर्वी शस्त्रे घडविण्याचे आणि त्यांना पाणी देण्याचे काम करीत. शस्त्रांची मागणी उतरली तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंबोरे आणि सतारी बनविण्यास आरंभ केला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यापासून तयार झालेले मिरजेचे तंबोरे पुढे देशभरातील गवयांच्या मांडीवर गेले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या हातांनी तलवार घडवली त्याच हातांनी तंबोरा घडवावा, ही गोष्ट केळकर संग्रहालयात हिंडताना वारंवार आठवते, कारण तेथे शस्त्रे आणि वाद्ये एकाच छपराखाली आहेत. दोन्ही आपण वेगवेगळ्या धड्यांत शिकतो. कारागिराच्या घरात ती एकाच ऐरणीजवळची होती.

युरोपातील संग्रह आणि आपले भरतमुनी

जुन्या वाद्यांची संग्रहालये म्हटली की युरोपचे नाव प्रथम घ्यावे लागते. पॅरिसच्या संगीत विद्यालयाचे वाद्यसंग्रहालय १८६४ साली लोकांना खुले झाले. व्हिएन्ना येथे राजघराण्याने शतकानुशतके जमविलेली वाद्ये एका राजवाड्यात मांडलेली आहेत. बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स येथील संग्रहालय १८७७ साली स्थापन झाले. व्हिक्टर माहिलाँ हे त्याचे पहिले अभिरक्षक. ते स्वतः वाद्ये बनविणाऱ्या घराण्यातले होते. १९२४ साली ते वारले तेव्हा संग्रहातील वाद्यांची संख्या साडेतीन हजारांच्या वर गेली होती. युरोपचा प्रवास करणारे संगीतप्रेमी ही ठिकाणे मुद्दाम पाहतात.

आपल्या दृष्टीने ब्रुसेल्सचे महत्त्व आणखी वेगळे आहे. त्या संग्रहाच्या पायाशी भारतीय वाद्ये आहेत. कलकत्त्याचे राजा शौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६ साली बेल्जियमचे राजे दुसरे लिओपोल्ड यांना सुमारे शंभर भारतीय वाद्ये भेट दिली आणि ती पुढे या संग्रहालयात आली. एवढी वाद्ये लावावयाची कशी, हा प्रश्न माहिलाँ यांच्यापुढे होता. युरोपात वाद्यांची जी वाटणी रूढ होती तिच्यात जगभरची वाद्ये नीट बसत नव्हती. त्यांना उत्तर सापडले ते भारतीय परंपरेत. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार प्रकार सांगितले आहेत : तारेची ती तत, कातड्याने मढवलेली ती अवनद्ध, फुंकून वाजवावयाची ती सुषिर आणि टाळ-घंटेसारखी ठोकून वाजवावयाची ती घन. आवाज कशातून निघतो, एवढ्या एकाच कसोटीवर ही विभागणी उभी आहे. माहिलाँ यांनी आपल्या सूचीला अशाच चार वर्गांचा आधार दिला. १९१४ साली होर्नबोस्टेल आणि झाक्स या दोन विद्वानांनी त्यात सुधारणा करून जी पद्धती तयार केली, ती आज जगभरच्या वाद्यसंग्रहालयांत वापरली जाते. म्हणजे युरोपातल्या एखाद्या दालनात उभा असलेला प्रवासी नकळत भरतमुनींनी आखलेल्या वाटेने चालत असतो.

परंतु युरोपातल्या साऱ्याच भारतीय वस्तू भेटीदाखल गेलेल्या नाहीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात टिपू सुलतानाचा प्रसिद्ध लाकडी वाघ आहे. तोही एक प्रकारचे वाद्यच आहे, कारण त्याच्या पोटात भाता आणि नळ्या बसविलेल्या आहेत. तो १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर लुटीत तिकडे गेला. भेट, खरेदी आणि लूट या तिन्ही वाटांनी मोठी संग्रहालये भरली आहेत. त्यांच्यामागे राजे होते, सरकारे होती, व्यापारी होते. या पार्श्वभूमीवर बाजीराव रस्त्यावरचा एक मराठी कवी, खिशाला परवडेल तेवढे आणि प्रसंगी न परवडणारेही विकत घेत, चाळीस वर्षांत पंधरा हजारांच्या आसपास वस्तू जमवितो, या गोष्टीचे मोल लक्षात येते. १९६२ साली या संग्रहाला सार्वजनिक संग्रहालयाचे रूप आले. आपल्या हयातीतच केळकरांनी तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. स्वतः जमविलेले स्वतःच देऊन टाकणे हे जमविण्यापेक्षाही कठीण असते. पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली, भारत सरकारने पद्मश्री दिली. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ते निवर्तले. आज संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत; जागेअभावी त्यांतील सुमारे अडीच हजारच मांडता येतात.

काचेआडचे मौन

सहलीच्या निमित्ताने हे संग्रहालय पाहण्याचा योग मला आला. वाद्यांच्या दालनात मी इतर ठिकाणांपेक्षा जास्त वेळ थांबलो. शास्त्रीय संगीतातली वाद्ये आणि लोकांची वाद्ये तेथे शेजारी शेजारी आहेत. मैफलीत सतारीचा मान मोठा आणि तुंतुण्याचा लहान. काचेआड मात्र दोघांनाही सारखाच प्रकाश मिळतो. हे पाहून बरे वाटले.

पण एक गोष्ट मनाला लागली. ती सारी वाद्ये गप्प होती. वाद्य हे कान असलेल्यांसाठी असते आणि येथे ते डोळ्यांनी पाहावे लागते. ब्रुसेल्सच्या संग्रहालयात पाहुण्यांच्या कानाला यंत्र लावतात आणि ज्या वाद्यापुढे उभे राहावे त्याचा सूर त्यातून ऐकू येतो असे वाचले आहे. व्हिएन्नासारख्या ठिकाणी मूळ वाद्य जपून ठेवतात आणि त्याची बरहुकूम प्रतिकृती बनवून ती वाजवतात, कारण जुन्या वाद्याच्या तारा ताणल्या तर लाकूड वाकते, सैल ठेवल्या तर वाद्य वाचते पण सूर जातो. वाद्य जपावे की वाजवावे, हा पेच सगळ्या जगातल्या संग्रहालयांपुढे आहे.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. वाद्याखालच्या चिठ्ठीवर वाद्याचे नाव असते. ते कोणी घडवले आणि कोणी वाजवले हे बहुधा नसते. हा संग्रहालयाचा दोष नाही. केळकरांनी वाद्य उचलले तेव्हा ते नाव अनेकदा कोणालाच माहीत नसणार. गोंधळ्याचा संबळ, डक्कलवारांची किंगरी, वाघ्याची दिमडी, पोतराजाचा हलगीवाला साथीदार : यांच्या नावांची नोंद ठेवावी असे गावाला कधी वाटलेच नाही. गावाने त्यांना पसाभर धान्य दिले, आणि नाव मात्र जातीपुरतेच ठेवले.

आपल्या वऱ्हाडातही हेच आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आपल्या सर्वांना माहीत आहे. १९०९ साली यावलीला जन्मलेल्या या संताने खंजिरीच्या तालावर गावेच्या गावे जागी केली, १९५५ साली जपानमधील विश्वधर्म परिषदेपर्यंत ते गेले आणि १९६८ साली मोझरीला त्यांनी देह ठेवला. त्यांच्यामुळे खंजिरीला मान आला. पण गुरुवारच्या सामुदायिक प्रार्थनेला आयुष्यभर खंजिरी वाजविणाऱ्या गावागावातल्या माणसांचे काय? नागपंचमीला मांड्यांवर डहाका आडवा धरून रात्रभर गाणी म्हणणाऱ्यांचे काय? दंडारीत ढोलकी वाजविणाऱ्यांचे काय?

माझ्या आबाजींचा एक डफ होता. दिवसा ते संत्र्याच्या बगीच्यात आळी करायला जात आणि दंडारीच्या दिवसांत रात्री डफ वाजवत. त्यांच्यानंतर डफाचे कातडे फाटले. घेरा चांगल्या लाकडाचा होता, म्हणून आमच्या मायने त्याला जाळी ठोकून धान्य चाळायची चाळणी केली. ती चाळणी आमच्या घरी अजूनही चालू आहे. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. घरात चाळणीची गरज होती आणि डफ वाजविणारे कोणी उरले नव्हते. परंतु केळकरांचे चरित्र वाचल्यापासून त्या चाळणीकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो आहे. तिच्या कडेला बोटाच्या घर्षणाने झिजलेली एक जागा आहे. तेथे आबाजींचा डावा अंगठा टेकत असे. त्या जागेवर चिठ्ठी लावावयाची झाली तर काय लिहावयाचे, हे घरात मलाच ठाऊक आहे, कारण त्या घरातला लिहिता येणारा पहिला माणूस मी आहे.

आपल्याला काय करता येईल

केळकरांनी स्वतःसाठी 'अज्ञातवासी' हे नाव घेतले आणि आयुष्यभर अज्ञात कारागिरांच्या, अज्ञात बायकांच्या, अज्ञात वादकांच्या वस्तूंना घर दिले. त्यांच्या जीवनाचे मर्म मला येथे सापडते. जो स्वतःचे नाव मागे ठेवावयास तयार असतो त्यालाच निनावी माणसांचे मोल कळते.

हे काम आपल्या भागाला नवीन नाही. शेजारच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे, १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या सहवासात आलेल्या माणसांना भेटून, त्यांच्या आठवणी विचारून, म्हाइंभटांनी एकेक लीळा गोळा केली. कोणी काय सांगितले याची त्यांनी काळजी घेतली, म्हणून मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ आपल्या हाती राहिला. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले आहे. राजवाडे कागदांसाठी हिंडले, केळकर वस्तूंसाठी हिंडले, म्हाइंभट आठवणींसाठी हिंडले. तिघांचे काम एकच होते.

केळकरांइतका त्याग आपल्याला जमणार नाही आणि तशी आवश्यकताही नाही. वस्तू विकत घेण्याला पैसा लागतो. नोंद करण्याला वही आणि पेन्सिल पुरते. आमच्या महाविद्यालयात वरूड आणि मोर्शी तालुक्यांतील जवळजवळ प्रत्येक गावचा विद्यार्थी आहे. मराठी आणि इतिहास या दोन विभागांनी मिळून दिवाळीच्या सुट्टीसाठी एक साधे काम द्यावे. प्रत्येकाने आपल्या गावातील एका जुन्या वाद्याची नोंद आणावी. तिच्यात पाच गोष्टी असाव्यात : वाद्याचे गावातले नाव, ते कशाचे बनले आहे आणि कोणी बनवले, ते कोणत्या सणाला किंवा विधीला वाजते, ते वाजविणाऱ्याचे पूर्ण नाव आणि त्याला ते कोणी शिकविले, आणि त्याच्यानंतर ते वाजविणारे घरात कोणी आहे की नाही. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, तेव्हा त्या वाद्याचा आवाजही दोन मिनिटे भरून घेता येईल. केळकरांच्या काळी ही सोय नव्हती. त्यांना वाद्य वाचवता आले, पण आवाज वाचवता आला नाही. आपल्याला तो वाचवता येईल.

अशा शंभर नोंदी जमल्या तर ग्रंथालयातल्या एका कपाटात त्या सुखाने मावतील. काही वर्षांनी एखादा प्राध्यापक, एखादी संशोधक विद्यार्थिनी ते कपाट उघडेल आणि वरूड परिसरात कोणाची बोटे कोणत्या कातड्यावर पडत होती हे तिला कळेल. चौथ्या रकान्यातले नाव तेवढे कोणी रिकामे सोडू नये.

(बी. ए. भाग २, वरूड)